डिप्लोमा ते जर्मनी : थेट द्वितीय वर्षाला आलेल्या एका विद्यार्थिनीच्या अर्जाचा प्रकरण अभ्यास

दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका आणि मग पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश, हा मार्ग महाराष्ट्रातील ग्रामीण आणि निमशहरी कुटुंबे पूर्ण विचार करून निवडतात. पदविकेनंतर नोकरी मिळाली तर घराला हातभार लागतो आणि गुण चांगले पडले तर पदवीचा रस्ताही मोकळा राहतो. इथल्या नोकरीच्या बाजारात आणि इथल्या पदव्युत्तर प्रवेशांत या मार्गाने आलेल्या विद्यार्थ्याला सहसा कोणी वेगळे मोजत नाही. जर्मनीतील विद्यापीठाकडे अर्ज करताना मात्र त्याच्या पदवीच्या गुणपत्रिकांवर प्रथम वर्ष नाही ही गोष्ट अचानक फार मोठी होते. ती कशी मोठी होते, कुठे आडवी येते आणि कुठे मुळीच येत नाही, हे एका अर्जाच्या आधारे मांडणे हा या टिपणाचा हेतू आहे.

विद्यार्थिनी सांगली जिल्ह्यातील. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि विद्यापीठांची नावे दिलेली नाहीत. शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका, पुढे पुण्यातील महाविद्यालयात थेट द्वितीय वर्षाला प्रवेश, २०२३ मध्ये ७.३ सीजीपीएने पदवी आणि त्यानंतर चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी. मी तिच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाची मार्गदर्शक होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ती शिफारसपत्र मागण्यासाठी आली तेव्हा तिला २०२५ च्या हिवाळी सत्रासाठी अर्ज करायचा होता आणि हातात एका सल्लागार संस्थेने दिलेली विद्यापीठांची यादी होती.

त्या यादीत वरच्या क्रमांकावर वर्षाला दहा हजार युरोंहून अधिक शुल्क घेणारी खासगी विद्यापीठे होती. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाला शुल्क नसते, फक्त दर सत्राला एक अंशदान भरावे लागते. अपवाद ठळक आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सत्राला ४००० ते ६००० युरो शुल्क लावले आहे. सल्लागाराला ज्या विद्यापीठाकडून प्रवेशामागे मोबदला मिळतो ते विद्यापीठ यादीत वर दिसणार, हे पालकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. आम्ही ती यादी बाजूला ठेवली.

विषयांचा तक्ता

तिने स्वतः केलेली दुसरी यादी जागतिक क्रमवारीवरून केलेली होती. हीच सवय बहुतेकांना असते आणि थेट द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला ती सर्वांत महाग पडते. जर्मन अभ्यासक्रमाच्या प्रवेश नियमांत दोन आकडे शोधावे लागतात: पदवीचे एकूण किती ईसीटीएस हवेत, आणि त्यांतले गणित, यांत्रिकी, ऊष्मागतिकी, पदार्थविज्ञान अशा गटांत किमान किती हवेत. ईसीटीएस ही युरोपातील क्रेडिटची पद्धत असून पूर्ण वेळ शिक्षणाच्या एका वर्षाला ६० ईसीटीएस धरतात. पदवी आणि पदव्युत्तर मिळून ३०० व्हावेत असा तिथला हिशेब असतो, त्यामुळे १२० ईसीटीएसच्या चार सत्रांच्या अभ्यासक्रमाला पदवीचे १८० पुरतात, तर ९० ईसीटीएसच्या तीन सत्रांच्या अभ्यासक्रमाला २१० लागतात.

तिच्या गुणपत्रिका सहा सत्रांच्या होत्या आणि त्यांवर एकूण १२६ क्रेडिट होते. तीन वर्षांना १८० धरले तर आपल्या एका क्रेडिटचे सुमारे १.४३ ईसीटीएस होतात. प्रत्येक विद्यापीठ रूपांतर स्वतःच्या पद्धतीने करते, तरी हा ढोबळ हिशेब अर्जाआधी चित्र स्पष्ट करायला पुरेसा असतो. गणिताच्या गटात तिचे दोनच विषय येत होते. तृतीय सत्रातील गणित आणि पुढील वर्षातील संख्यात्मक व सांख्यिकीय पद्धती, मिळून ८ क्रेडिट, म्हणजे साधारण ११.४ ईसीटीएस. तिच्याच वर्गात बारावीनंतर आलेल्या विद्यार्थ्याकडे प्रथम वर्षाच्या गणिताचे आणखी ९ क्रेडिट होते. त्याचे १७ क्रेडिट, चार वर्षांच्या १७० क्रेडिटला २४० ईसीटीएस धरल्यास, २४ होतात. तिने निवडलेल्या एका तंत्र विद्यापीठाची गणिताची किमान अट २० होती. एकाच वर्गात बसून, त्याच परीक्षा देऊन, कदाचित अधिक गुण मिळवूनही ती या अटीखाली राहत होती आणि तो विद्यार्थी पार होत होता.

पदविकेत गणित नव्हते असे नाही. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी गणिताचे विषय असतात आणि तिने ते उत्तम गुणांनी पूर्ण केले होते. पण जर्मन विद्यापीठ पदविका हे शिक्षण विद्यापीठाच्या पातळीचे मानेलच असे नाही. शालान्त शिक्षणाच्या जागी ती धरली गेली तर तिथले गणित मोजणीतून बाहेर पडते. म्हणून आम्ही तीन गोष्टी तयार केल्या. पहिली, पदवीच्या प्रत्येक विषयासमोर क्रेडिट, अंदाजे ईसीटीएस, तासिका आणि अभ्यासक्रम पुस्तिकेतील पान दाखवणारा तक्ता. दुसरी, पदविकेच्या गणित आणि यांत्रिकी विषयांचा तसाच स्वतंत्र तक्ता. तिसरी, महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र, ज्यात थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्य नियमांनुसार झाला आहे आणि प्रथम वर्षाची सूट पदविकेच्या आधारे मिळाली आहे, एवढेच वाक्य शिक्क्यासह होते. हे पत्र मिळवायला तिला कार्यालयात अनेकदा यावे लागले, कारण असे पत्र याआधी कोणी मागितलेले नव्हते आणि लिपिकांना नमुना कुठला घ्यावा हेच समजत नव्हते.

हा तक्ता हाती आल्यावर यादी बदलली. क्रमवारीतली दोन नामांकित तंत्र विद्यापीठे तिच्या आग्रहाने ठेवली, बाकीचे अर्ज उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांकडे, म्हणजे होखशुलंकडे करायचे ठरले. होखशुलचे शिक्षण उद्योगाला जोडलेले असते, त्यांच्या काही अभ्यासक्रमांत नोकरीचा अनुभव प्रवेशाच्या गुणांकनात धरतात आणि गुणवत्ता व उत्पादन व्यवस्थापनासारख्या विषयांत गणिताची अट तुलनेने हलकी असते. तिच्या चाकणच्या अनुभवाचे खरे मोल इथेच होते. माझ्या मते तिच्यासाठी हा पर्याय सुरुवातीपासूनच योग्य होता. नाव मोठे नाही म्हणून त्याला दुय्यम समजणे तिच्यावर अन्याय ठरला असता.

एपीएस आणि वडिलांचे नाव

भारतीय शैक्षणिक कागदपत्रांची सत्यता तपासून देणारे एपीएस प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी बंधनकारक आहे. शुल्क १८,००० रुपये. युनि-असिस्ट या अर्ज हाताळणाऱ्या केंद्रीय संस्थेलाही ते आधीच हवे असते, त्यामुळे एपीएस हाती आल्याशिवाय पुढचे फारसे काही हलत नाही. थेट द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला दहावी आणि पदवीसोबत पदविकेच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रही द्यावे लागते.

कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत नेहमी दिसणारी अडचण इथे आली. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव ‘बाळासो’ होते आणि पासपोर्टवर ‘बाळासाहेब’. शिवाय मंडळाच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. वडिलांच्या दृष्टीने ती दोन्ही नावे एकच होती आणि त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे इंग्रजीतील प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ते कागदपत्रांत जोडले आणि त्यावर पुढे कोणी शंका काढली नाही. पण हे काम ऑक्टोबरमध्ये झाले म्हणून निभावले. अर्जाची मुदत जवळ आल्यावर असा फरक लक्षात आला असता तर त्या धावपळीत दुसरे काहीतरी राहून गेले असते. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा तिने त्याच महिन्यात दिली, गुण ७ मिळाले, बहुतेक अभ्यासक्रमांना ६.५ पुरतात. एपीएस प्रमाणपत्र डिसेंबरमध्ये आले.

गुणपत्रिकेची मागची बाजू

जर्मन श्रेणी १.० ला सर्वोत्तम आणि ४.० ला उत्तीर्ण धरते. परदेशी गुणांचे रूपांतर बव्हेरियन सूत्राच्या सुधारित रूपाने होते: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या फरकाला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. सूत्र सोपे आहे, पण त्यातला किमान उत्तीर्ण गुण नेमका कोणता धरला जातो यावर उत्तर फिरते. तिच्या विद्यापीठात उत्तीर्णतेचा सर्वांत खालचा श्रेणीगुण ४ होता. त्या हिशेबाने १० मधून ७.३ गेल्यावर उरलेले २.७, भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.३५. हाच किमान गुण ५ धरला तर २.६२. तिने अर्ज केलेल्या अभ्यासक्रमांपैकी निम्म्यांची अट २.५ किंवा त्याहून चांगली अशी होती.

युनि-असिस्टकडून आलेल्या पहिल्या पूर्वतपासणी अहवालात श्रेणी २.६ लिहून आली. मी तिला अपलोड केलेल्या सर्व फायली उघडून दाखवायला सांगितल्या. सहाही गुणपत्रिकांच्या फक्त पुढच्या बाजू स्कॅन केलेल्या होत्या. श्रेणीगुणांचा तक्ता, ज्यात ‘पी’ म्हणजे ४ आणि त्याखाली अनुत्तीर्ण असे छापलेले असते, तो मागच्या बाजूला, फिकट निळ्या अक्षरांत होता. कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात गुणपत्रिकेची मागची बाजू कोणी स्कॅन करत नाही आणि मुलेही सांगत नाहीत. तिने सर्व मागच्या बाजू नव्याने स्कॅन केल्या, परीक्षा विभागाकडून कमाल श्रेणीगुण १० आणि किमान उत्तीर्ण श्रेणीगुण ४ असल्याचे पत्र घेतले आणि दोन्ही एकत्र पाठवून फेरतपासणी मागितली. सुधारित अहवाल २.३ ने आला. यात काही आठवडे गेले. हा अर्ज फेब्रुवारीत केलेला असल्यामुळे ते परवडले. युनि-असिस्टमार्फत एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. त्यामुळे चार ठिकाणच्या अर्जांचे १६५ युरो झाले होते, आणि चुकीच्या श्रेणीवर ते वाया जाणे तिच्या पगाराच्या मानाने लहान गोष्ट नव्हती.

उत्तरे

दोन्ही तंत्र विद्यापीठांचे नकार आले. एकाने गणिताचे ईसीटीएस कमी असल्याचे आणि पदविकेतील विषय मोजणीत धरता येत नसल्याचे स्पष्ट लिहिले. दुसऱ्याने कारण दिले नाही. तीन सत्रांच्या एका अभ्यासक्रमाने २१० ईसीटीएस नाहीत म्हणून अर्ज परत केला. तशाच दुसऱ्या अभ्यासक्रमाने मात्र ३० ईसीटीएसची तूट पहिल्या वर्षातच ठरावीक विषय घेऊन भरून काढण्याच्या अटीवर प्रवेश देऊ केला. चार सत्रांच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एकाची प्रतीक्षा यादी आली आणि उत्पादन व गुणवत्ता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाने जूनमध्ये प्रवेश दिला, त्यालाही गणिताचा एक विषय दुसऱ्या सत्राअखेर उत्तीर्ण होण्याची अट होती.

या दोन प्रवेशांतून निवड करताना घरात तीन सत्रांच्या अभ्यासक्रमाकडे ओढा होता, कारण तो लवकर संपतो असे वाटत होते. ३० ईसीटीएसची तूट म्हणजे एका पूर्ण सत्राचे शिक्षण. ते पहिल्या वर्षावर लादले गेले की अभ्यासक्रम प्रत्यक्षात चार सत्रांचाच होतो, फक्त पहिले वर्ष अवघड करून. मी चार सत्रांच्या बाजूने बोलले आणि तिनेही तेच निवडले.

शिष्यवृत्तीचा प्रश्न इथेच मिटला, आणि तो ज्या रीतीने मिटला ते मला खटकते. राज्य शासनाच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्ती योजना क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीतील वरच्या स्थानाशी बांधलेल्या आहेत. संशोधनावर आधारलेल्या त्या क्रमवारीत बहुतेक होखशुल येतच नाहीत. ज्या संस्थेत ही मुलगी आपल्या शिक्षणाला आणि अनुभवाला सर्वांत साजेसे काही शिकू शकते, तिथे जाण्यासाठी तिला मदत मिळत नाही. या योजनांच्या अटी लिहिणाऱ्यांनी जर्मनीपुरता तरी याचा वेगळा विचार करायला हवा.

घराचे कागद

व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा निर्वाहखर्च जर्मनीतील रोखून ठेवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ आणि वर्षाला ११,९०४ युरो आहे. तिने तयारी सुरू केली तेव्हा युरो सुमारे ९३ रुपयांना होता, म्हणजे अकरा लाखांच्या थोडे वर. जुलै २०२५ मध्ये प्रत्यक्ष पैसे पाठवताना तो १०० रुपयांच्या आसपास गेला होता आणि तीच रक्कम सुमारे ११ लाख ९० हजारांवर पोचली. अंदाजपत्रकात दरासाठी काही टक्के मोकळीक ठेवली नव्हती, तो फरक तिच्या बचतीतून गेला.

कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेतून घ्यायचे होते. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँकेने तारण मागितले. शेतजमीन तारण म्हणून घेणार नाही असे शाखेने पहिल्याच भेटीत सांगितले. गावठाणातील घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा होता. बँकेच्या वकिलांनी तीस वर्षांचा शोध अहवाल करताना सांगितले की हा उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा पुरावा नाही, आणि नोंदणीकृत खत नसताना गहाणखत करता येणार नाही. मिळकत पत्रिका असती तर गोष्ट वेगळी होती, पण त्यांच्या गावाच्या गावठाणाची मोजणी होऊन पत्रिका अजून हाती आल्या नव्हत्या.

वडील त्या दिवशी महाविद्यालयात आले होते. ते म्हणाले, “मॅडम, आजोबांपासनं त्याच घरात ऱ्हातोय आमी. गावाला म्हाईतच हाय की घर कुणाचं. मग बँकेला का म्हाईत न्हाई?” त्यांच्या प्रश्नातले दुःख खरे होते आणि बँकेचा नियमही खरा होता. शेवटी पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या मामांनी आपला सदनिकेचा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू पुढे केले. वडील सहकर्जदार, मामा जामीनदार, सदनिकेवर बोजा, असे पंधरा लाखांचे कर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झाले. कर्जाची रक्कम परदेशी पाठवताना लागणारी करवसुली १ एप्रिल २०२५ पासून रद्द झालेली असल्यामुळे त्या भागावर काही कापले गेले नाही. परतफेडीच्या तक्त्यात जर्मनीतील अर्धवेळ कामाचे उत्पन्न धरू नये असे मी त्यांना आग्रहाने सांगितले. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे हे खरे, पण सोबत गणिताची अट असलेल्या मुलीने पहिल्या वर्षी ती मुभा पूर्ण वापरणे शक्य नव्हते.

व्हिसा

व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र विभागाच्या ऑनलाइन कॉन्सुलर पोर्टलवर आधी भरून मग बोटांचे ठसे देण्याची वेळ मिळते. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. शुल्क ७५ युरो. २०२५ मधला एक बदल महत्त्वाचा होता: नकार आल्यास फेरविचाराचा विनामूल्य अर्ज करण्याची सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली. नकार आला तर नवा अर्ज किंवा न्यायालय, एवढेच उरते. त्यामुळे प्रेरणापत्रात थेट द्वितीय वर्षाचा मार्ग, त्यामुळे आलेली गणिताची अट आणि ती अट विद्यार्थिनी कशी पूर्ण करणार हे आम्ही मोकळेपणाने लिहिले, कारण प्रवेशपत्रावर अट दिसणारच होती आणि तिचे स्पष्टीकरण अर्जातच असणे सुरक्षित होते. व्हिसा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला. होखशुलचे सत्र औपचारिकपणे १ सप्टेंबरला सुरू झाले होते. उशिरा येण्याची परवानगी तिने ऑगस्टमध्येच ईमेलने घेऊन ठेवली होती, त्यामुळे नोंदणी अडली नाही.

या प्रकरणानंतर आमच्या विभागाने विद्यापीठाकडे लेखी मागणी केली आहे की थेट द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या एकत्रित गुणपत्रकासोबत, प्रथम वर्षाच्या कोणत्या विषयांना पदविकेच्या कोणत्या विषयांच्या आधारे सूट दिली याचे विद्यापीठाच्या शिक्क्याचे परिशिष्ट द्यावे. प्राचार्यांच्या पत्राला महाविद्यालयाचे वजन असते, विद्यापीठाचे नसते, आणि तंत्र विद्यापीठांच्या नकारांमागे हाही एक भाग असावा असे मला वाटते. परिशिष्टाने पदविकेचे गणित सगळीकडे मोजले जाईल असे नाही. मोजायचे की नाही हे ठरवणाऱ्याच्या समोर ते अधिकृतपणे येईल, एवढे नक्की. दरम्यान तृतीय वर्षात शिकणाऱ्या आणि परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना, ऐच्छिक विषय निवडायला अजून अवकाश आहे तोवर, आम्ही हाच विषयांचा तक्ता भरायला देतो आहोत. गणिताकडे झुकणारा एखादा ऐच्छिक विषय चौथ्या वर्षात घेतला तर ११.४ चा आकडा १५ च्या पुढे जाऊ शकतो.